घराखालचा खडक आणि घरातील हवा
रेडॉन वायूचे प्रमाण जमिनीवर व घराच्या रचनेवर कसे अवलंबून असते

शेतकरी आपल्या जमिनीची पारख बारकाईने करतो. कोणत्या शेतात मुरूम वर आहे, कोठे काळी माती खोल आहे, कोणत्या विहिरीला काळा पत्थर लागला आणि कोणत्या विहिरीला पांढरा चमकदार दगड लागला, हे त्यास पक्के ठाऊक असते. परंतु ज्या जमिनीवर त्याचे राहते घर उभे आहे, त्या जमिनीचा घरातील हवेशी काही संबंध असू शकतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. असा संबंध आहे, आणि तो रेडॉन नावाच्या वायूमुळे आहे. या वायूस रंग नाही, वास नाही, चव नाही. तो घरात असल्याचे कोणत्याही इंद्रियास कळत नाही. त्यामुळे त्याविषयी एक तर पूर्ण अज्ञान असते, नाहीतर ऐकीव गोष्टींमुळे अवास्तव भीती तरी पसरते. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी त्याची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

रेडॉन म्हणजे काय

सर्व खडकांत व मातीत युरेनियम आणि थोरियम ही दोन जड मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. ती स्थिर नसतात. त्यांचे अणू अतिशय सावकाश फुटत जातात व एकामागून एक नवी मूलद्रव्ये निर्माण होतात. युरेनियमच्या या मालिकेत पुढे रेडियम येते, आणि रेडियमपासून रेडॉन निर्माण होतो. मालिकेतील इतर सर्व द्रव्ये घन आहेत; ती खडकाच्या कणांतच अडकून राहतात. रेडॉन तेवढा वायू आहे. तो कोणत्याही पदार्थाशी सहजी संयोग पावत नाही. म्हणून तो कणांमधील पोकळीत शिरतो, भेगांतून वर सरकतो आणि अखेर हवेत येऊन मिसळतो.

रेडॉनचे आयुष्य अल्प आहे. कोठेही साठलेला रेडॉन सुमारे ३.८ दिवसांत निम्मा होतो व सुमारे ३८ दिवसांत हजारात एक भाग उरतो. परंतु जमिनीतील रेडियम हजारो वर्षे टिकणारे असल्यामुळे नवा रेडॉन सतत तयार होत राहतो. थोरियमच्या मालिकेतही असाच एक वायू निर्माण होतो. त्यास थोरॉन म्हणतात. तो सुमारे ५५ सेकंदांतच निम्मा होतो, त्यामुळे तो उगमापासून फार दूर जाऊ शकत नाही.

या वायूंचा शोध जुना आहे. थोरियममधून किरणोत्सारी वायू बाहेर पडतो हे रदरफर्ड व ओवेन्स यांनी १८९९ मध्ये दाखविले, आणि रेडियममधून निघणाऱ्या वायूची नोंद जर्मनीतील फ्रीड्रिख डॉर्न यांनी १९०० मध्ये केली.

हवेतील रेडॉनचे प्रमाण ‘बेक्वेरेल’ या एककात सांगतात. एका सेकंदास एक अणू फुटणे म्हणजे एक बेक्वेरेल. एक घनमीटर हवेत दर सेकंदास रेडॉनचे शंभर अणू फुटत असतील, तर त्या हवेतील प्रमाण दर घनमीटरला १०० बेक्वेरेल आहे असे म्हणतात. मोकळ्या हवेत हे प्रमाण साधारणतः १० च्या आसपास असते. घरांतील जागतिक सरासरी सुमारे ४० मानली गेली आहे. भारतातील निरनिराळ्या भागांतील घरांत झालेल्या मोजण्यांची सरासरी याहून कमी, म्हणजे सुमारे २३ आढळली आहे. सरासरी कमी असली तरी प्रत्येक घर सरासरीइतकेच असते असे मात्र नव्हे.

अपाय कसा होतो

श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर येतो. खरा अपाय त्याच्या अणूंपासून होणाऱ्या पुढील द्रव्यांमुळे होतो. रेडॉनचा अणू फुटला म्हणजे पोलोनियम, शिसे व बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू तयार होतात. हे घन असतात. ते हवेतील धुळीच्या व धुराच्या कणांना चिकटतात, श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात, आणि तेथे काही मिनिटांतच फुटून आल्फा किरण सोडतात. हे किरण साध्या कागदानेही अडतात. परंतु फुप्फुसाच्या नाजूक पेशी त्यांच्या अगदी समीप असल्याने त्या पेशींना इजा पोचते. वर्षानुवर्षे असे होत राहिल्यास कर्करोगाचा संभव वाढतो.

याचा पहिला पुरावा खाणींतून मिळाला. जर्मनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांस जडणारा छातीचा रोग हा फुप्फुसाचा कर्करोग आहे हे १८७९ मध्ये दोन वैद्यांनी दाखविले. त्याचे कारण रेडॉन आहे हे पुढे पुष्कळ वर्षांनी सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनची गणना मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांत केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेनुसार, घरातील दीर्घकालीन सरासरी दर १०० बेक्वेरेलने वाढली म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. घरातील प्रमाण शक्यतो १०० च्या आत असावे, आणि परिस्थितीमुळे ते साधत नसेल तर ३०० च्या वर तरी जाऊ नये, अशी त्या संघटनेची शिफारस आहे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावयास हवी. फुप्फुसाच्या कर्करोगाचे पहिले कारण तंबाखूचा धूर हेच आहे. रेडॉनचा क्रम त्यानंतर लागतो. दोन्ही एकत्र आले म्हणजे धोका कैक पटींनी वाढतो. रेडॉनपासून असलेला धोका विडी वा सिगारेट ओढणाऱ्यास न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो, असा अंदाज आहे. म्हणून ज्या घरात रेडॉनची चिंता वाटते, त्या घरातून विडी प्रथम बाहेर गेली पाहिजे.

नागपूरची भूमी : दोन खडकांची सीमा

सर्व खडकांत युरेनियम सारखे नसते. ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेला काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, यात ते दहा लाख भागांत सुमारे एक भाग किंवा त्याहूनही कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते साधारणतः तीन ते पाच भाग असते, व काही ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक असते. ग्रॅनाइटच्या जातीच्या पट्टेदार खडकास भूशास्त्रज्ञ नाइस असे म्हणतात. त्यातही ते बेसाल्टपेक्षा सामान्यतः जास्त असते.

या दृष्टीने नागपूरचे स्थान लक्षणीय आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी व्यापलेला आहे. या काळ्या पत्थराची पूर्वेकडील कड नागपूरच्या परिसरात येऊन संपते. तेथून पूर्वेस त्याहून कितीतरी जुने नाइस व तत्सम खडक उघडे पडतात. मधूनमधून गोंडवन काळातील वालुकाश्म व दगडी कोळसा यांचे थर आहेत. कामठीच्या नावाने एक खडकसमूहच ओळखला जातो. नागपूरच्या खडकांचे व जीवाश्मांचे वर्णन स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्येच प्रसिद्ध केले होते. तेव्हापासून हा प्रदेश भूशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे.

शेतकऱ्यास ही सीमा पुस्तकावाचूनही दिसू शकते. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा या पश्चिमेकडील तालुक्यांत काळा पत्थर, त्याचा मुरूम व त्यावरील काळी माती आढळते. संत्र्याच्या बागा प्रामुख्याने याच भागात आहेत. पूर्वेकडे मौदा, कुही, भिवापूर व पुढे भंडारा या बाजूस गेले म्हणजे विहिरीतून पांढरे, गुलाबी व अभ्रकाने चमकणारे दगड निघू लागतात आणि धानाची बांधी दिसू लागते. रामटेक व पारशिवनीकडे मॅंगनीजयुक्त जुने खडक आहेत. ढोबळमानाने पाहता, पश्चिमेकडील खडकांत रेडॉनचे मूळ द्रव्य कमी व पूर्वेकडील खडकांत तुलनेने अधिक, असे समजण्यास हरकत नाही.

नागपूर शहर या सीमेवरच वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या पत्थराची आहे, आणि तिच्या दक्षिणेस लागून धंतोलीची वस्ती आहे. खडकाच्या जातीपुरता विचार केला तर काळ्या पत्थरावरील वस्तीची बाजू सुरक्षिततेकडे झुकते. परंतु खडक हा हिशेबाचा केवळ अर्धा भाग होय. उरलेला अर्धा भाग घर कसे बांधले आहे व त्यात हवा कशी खेळते यावर अवलंबून असतो. कमी युरेनियम असलेल्या जमिनीवरील कोंदट तळघरात, अधिक युरेनियम असलेल्या जमिनीवरील हवेशीर घरापेक्षा जास्त रेडॉन साठणे सहज शक्य आहे.

मातीचे काम

खडकात तयार झालेला रेडॉन घरापर्यंत पोचण्यास मार्ग लागतो. तो मार्ग माती देते किंवा अडविते. अखंड पाषाणात वायू अडकून राहतो; भेगाळलेल्या पाषाणातून तो वर येतो. भरड मुरूम व वाळू यांतून तो सुलभतेने सरकतो. ओल्या चिकण मातीतून तो फारच कष्टाने सरकतो, कारण तिच्या बारीक पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव या बाबतीत दुहेरी आहे. पावसाळ्यात ती फुगते व जणू झाकण घालते. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. या भेगा वायूस वर येण्यास मोकळी वाट देतात. त्याच हालचालीमुळे घराच्या जोत्यास व फरशीसही तडे जातात. आणि घरात वायू शिरण्याच्या दृष्टीने हे तडे अधिक महत्त्वाचे आहेत.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. अंगणातील व शेतातील माती ओली होऊन बंद होते, परंतु घराखालची माती कोरडीच राहते. मग जमिनीतील वायूस वर येण्यास घराखालचीच जागा मोकळी सापडते. पाऊस पडला म्हणजे घरातील रेडॉन कमी होईलच, असे म्हणूनच समजू नये.

हेही ध्यानात ठेवावे की, वरची माती नेहमी खालच्या खडकाचीच झालेली असते असे नाही. नदीने वाहून आणलेली काळी माती नाइसवरही पसरलेली असू शकते. यासाठी केवळ मातीचा रंग पाहून निर्णय करू नये. गावातील विहिरी खणताना कोणता दगड लागला, याची विचारपूस करावी.

वायू घरात कसा शिरतो

जमिनीच्या पोकळीतील हवेत रेडॉनचे प्रमाण घरातील हवेच्या मानाने फार मोठे, दर घनमीटरला हजारो बेक्वेरेल असते. घर ही हवा स्वतःकडे ओढून घेते. घरातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा उष्ण असली म्हणजे ती हलकी होऊन छताकडून बाहेर पडते, आणि तिची जागा घेण्यासाठी खालून हवा आत येते. दारे-खिडक्या बंद असतील तर ती हवा फरशीच्या तड्यांतून, भिंत व फरशी यांच्या सांध्यांतून, नळ व मोरीच्या पाइपांभोवतालच्या फटींतून येते. ही ओढ अत्यंत सूक्ष्म असते, परंतु ती रात्रंदिवस चालू राहते.

यावरून मजल्यांचा भेद लक्षात येतो. तळघराच्या भिंती व तळ असे दोन्ही भाग मातीस टेकलेले असल्याने तेथे प्रमाण सर्वांत अधिक असण्याचा संभव असतो. त्याखालोखाल तळमजला. वरच्या मजल्यांवर जमिनीचा वायू क्वचितच पोचतो. तेथे केवळ विटा, सिमेंट व दगड यांतून येणारा अल्प रेडॉन असतो. धंतोलीसारख्या वस्तीत जुन्या बंगल्यांच्या जोडीस बहुमजली इमारती व त्यांखाली तळघरे झाली आहेत. तळघर वाहने ठेवण्यासाठी वापरले आणि त्यास हवा येण्या-जाण्याची वाट असली तर चिंतेचे कारण थोडे. मात्र तळघरात दिवसभर बसून काम करावयाचे किंवा झोपावयाचे असेल, तर तेथील हवा बदलण्याची निश्चित सोय केली पाहिजे.

घराघरांत किती फरक पडू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील आहे. १९८४ मध्ये तेथील एका नव्या अणुविद्युत केंद्रात काम करणारा एक गृहस्थ कामावर येतानाच किरणोत्साराची सूचना देणारे यंत्र वाजू लागले. केंद्रातून बाहेर पडताना नव्हे, तर आत येताना ते वाजत होते. शोधाअंती त्याच्या घरात दर घनमीटरला सुमारे १,००,००० बेक्वेरेल इतका रेडॉन आढळला. दोष केंद्राचा नसून घराखालच्या युरेनियमयुक्त खडकाचा व वायूला घरात मिळालेल्या वाटेचा होता. शेजारच्या घरात मात्र असे प्रमाण नव्हते.

कोंडलेली हवा : एक साधा हिशेब

घरातील हवा तासाला किती वेळा बदलते, यावर रेडॉनचे प्रमाण कसे अवलंबून असते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी एक खोली आहे. तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते. फरशीतून दर तासास १,००० बेक्वेरेल रेडॉन आत येतो आणि बाहेरच्या हवेत तो दर घनमीटरला १० बेक्वेरेल आहे, असे धरू.

खोली अगदी बंद असून पाच तासांत एकदाच हवा बदलत असेल, तर आतील प्रमाण सुमारे १५० पर्यंत चढेल. तासाला एकदा हवा बदलली तर ते सुमारे ३८ राहील. तासाला दोनदा बदलली तर सुमारे २४ वर येईल. खडक तोच, फरशी तीच, खोली तीच. केवळ हवेची ये-जा वाढल्यामुळे प्रमाण एक षष्ठांशावर आले. यावरून दोन समोरासमोरच्या झरोक्यांचे मोल लक्षात यावे.

हेही यातून दिसते की, खिडक्या उघडल्या म्हणजे तास-दोन तासांत प्रमाण उतरते, आणि बंद केल्या म्हणजे काही तासांत ते पुन्हा चढते. सकाळी एकदा खिडकी उघडली की दिवसाचे काम झाले, असे होत नाही. थोडी परंतु सतत हवा खेळती ठेवणारा कायमचा झरोका अधिक उपयोगी होय.

नागपूरचे ऋतू व घरातील हवा

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याही पलीकडे जातो. अशा वेळी दुपारी दारे-खिडक्या बंद ठेवणे हेच शहाणपणाचे आहे. उष्माघाताचा धोका तत्काळ व प्राणघातक असतो. रेडॉनच्या भीतीने भर दुपारी गरम वारा घरात घेऊ नये. त्याऐवजी सायंकाळी ऊन उतरल्यापासून सकाळपर्यंत जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरही थंड होते आणि हवाही बदलते.

वाळ्याच्या ताट्यांचा कूलर या बाबतीत मदतच करतो. तो बाहेरची हवा ओढून जोराने आत ढकलतो, त्यामुळे खोलीतील हवा तासातून अनेकदा बदलते व जमिनीतून वायू ओढला जाण्याऐवजी आतील हवाच बाहेर रेटली जाते. मात्र हवा बाहेर जाण्यास समोरची खिडकी थोडी उघडी हवी. वातानुकूलन यंत्राचे तसे नाही. ते सामान्यतः खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून फिरविते. त्यामुळे ते लावलेल्या बंद खोलीत हवा फारच कमी बदलते. छताचा पंखाही हवा केवळ ढवळतो. तो रेडॉन बाहेर घालवीत नाही.

हिवाळ्याच्या रात्री सर्वाधिक लक्ष देण्याजोग्या होत. बाहेर थंडी पडते, दिवसा तापलेल्या भिंतींमुळे घर आत उबदार असते, आणि दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतात. ओढ जास्त व निचरा कमी, असा दुहेरी योग जुळून येतो. थंडीने कुडकुडत बसण्याची गरज नाही. छताजवळचा झरोका व त्याच्या समोरची एक छोटी फट उघडी ठेवली तरी पुरे.

जुन्या पद्धतीच्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळत असे. त्या घरांत ऊन, पाऊस व विंचू-सर्प यांचा त्रास होता, म्हणून पक्के घर हवेच. परंतु पक्के छत, सिमेंटची भिंत व घट्ट बसणारी लोखंडी तावदाने येताना झरोके मागे राहिले, ही चूक आहे. नव्या घरकुलाच्या आराखड्यात प्रत्येक खोलीस आमने-सामने हवेच्या वाटा आहेत किंवा नाहीत, हे बांधकामापूर्वीच पाहावे.

मातीच्या भिंती, पाणी, राख व खत

मातीच्या भिंतींच्या घरात रेडॉनपेक्षा थोरॉनचा विचार करावा लागतो. थोरॉन भिंतीतून व जमिनीतून निघून क्षणार्धात नाहीसा होतो, म्हणून तो भिंतीलगतच्या हवेत जास्त असतो. खाट वा अंथरूण भिंतीस न भिडविता थोडे अंतर राखून ठेवणे, भिंतीचा गिलावा शाबूत राखणे, हे त्यावरील सोपे उपाय आहेत.

जमिनीतील पाण्यात रेडॉन विरघळलेला असतो. ग्रॅनाइट व नाइसमधील खोल कूपनलिकेच्या पाण्यात तो अधिक, तर उघड्या विहिरीच्या पाण्यात तो हवेत उडून जात असल्याने कमी असतो. नदी-तलावाच्या पाण्यात तो नगण्य असतो. पाण्यातून घरातील हवेत येणारा वाटा सामान्यतः लहान असतो : पाण्याच्या दर घनमीटरास १०,००० बेक्वेरेल असले तर घरातील हवेत सुमारे एक बेक्वेरेलची भर पडते. कूपनलिकेचे पाणी टाकीत उंचावरून पडू देऊन काही वेळ ठेवले म्हणजे त्यातील बराच वायू निघून जातो. टाकी घरात असू नये, बाहेर असावी.

कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक विद्युत केंद्रांतील राखेच्या विटांविषयी शंका विचारली जाते. कोळसा जळाल्यावर त्यातील रेडियम राखेत एकवटते हे खरे. परंतु ती राख काचेसारख्या कणांची असल्याने तयार झालेला रेडॉन त्या कणांतच अडकून राहतो व फारच थोडा बाहेर पडतो. तेव्हा केवळ राखेची वीट म्हणून घर धोक्याचे ठरत नाही.

खनिज फॉस्फेटपासून होणाऱ्या खतांत युरेनियम व रेडियम थोडेफार असते. पिकास दिलेली मात्रा शेतभर पसरते, तिची घरातील हवेशी सांगड घालण्याचे कारण नाही. तरीही खताची पोती निजावयाच्या खोलीत रचून ठेवू नयेत. धूळ व ओल यांमुळेही ती पद्धत वाईटच आहे.

मोजणी हाच खरा पुरावा

खडकावरून अंदाज करता येतो, निर्णय करता येत नाही. निर्णय मोजणीनेच होतो. त्यासाठी लहान डबीत विशिष्ट प्रकारच्या प्लास्टिकचा पातळ तुकडा बसवितात. आल्फा किरण त्यावर आदळले म्हणजे सूक्ष्म व्रण उमटतात. डबी सुमारे तीन महिने खोलीत टांगून ठेवतात, नंतर तो तुकडा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुऊन व्रण मोजतात, व त्यावरून सरासरी काढतात. भारतात अशा मोजणीच्या पद्धतींवर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने दीर्घकाळ काम केले आहे, व अनेक विद्यापीठांनी त्या पद्धती वापरून घरांची पाहणी केली आहे.

डबी निजावयाच्या किंवा बसावयाच्या खोलीत, फरशीपासून मीटरभराहून उंच, भिंतीपासून दूर टांगावी. स्वयंपाकघर व न्हाणीघर टाळावे. रेडॉन ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नये. शक्य तर उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशी वर्षभराची सरासरी घ्यावी. मोजणीच्या काळात घरातील नित्याचे व्यवहार चालू ठेवावेत. केवळ आकडा कमी यावा म्हणून खिडक्या उघड्या टाकू नयेत.

करावयाचे उपाय

जुन्या घरात खर्चाच्या क्रमाने पुढील उपाय योजावेत.

१. घरात विडी-सिगारेट ओढणे बंद करावे. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी व्यवस्था करावी, कारण धुराच्या कणांवर स्वार होऊनच किरणोत्सारी अणू हवेत तरंगत राहतात.

२. प्रत्येक खोलीत समोरासमोर झरोके ठेवावेत. बुजविलेले असल्यास मोकळे करावेत. डासांसाठी जाळी बसवावी.

३. फरशीचे तडे, भिंतीकडचे सांधे व पाइपांभोवतालच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. सारवलेल्या जमिनीस पडलेल्या भेगाही वेळीच भराव्यात. केवळ फटी बुजवून भागत नाही; ती हवा खेळती ठेवण्याच्या जोडीची गोष्ट आहे.

४. धूर ओढणारा पंखा लावला असल्यास हवा आत येण्यासाठी झरोका उघडा ठेवावा. तसे न केल्यास पंखा फरशीखालचीच हवा वर ओढतो.

नवे घर बांधताना हेच काम स्वस्तात होते. जोते उंच घ्यावे. जोत्याच्या भरावावर खडीचा थर द्यावा, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरावा, व मग काँक्रीट करावे. याने ओलही अडते व वायूही अडतो. जेथे नाइस किंवा ग्रॅनाइटची जमीन आहे, तेथे खडीच्या थरातून सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची एक नळी काढून छताच्या वर न्यावी. फरशीखालचा वायू त्या नळीवाटे बाहेर जातो. पुढे मोजणीत प्रमाण जास्त आढळले तर त्याच नळीस लहान पंखा बसविता येतो.

कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

रेडॉनमुळे डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, खोकला येत नाही. त्याचा परिणाम वर्षांनी मोजावयाचा असतो. धान्याच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो तो रेडॉनमुळे नव्हे, तर प्राणवायूच्या अभावामुळे किंवा साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होय. तो धोका मिनिटांचा आहे. पेव उघडून पुष्कळ वेळ हवा खाऊ द्यावी, एकट्याने कधीही उतरू नये, आणि आत माणूस पडलेला दिसला तर त्याच्यामागे तसेच उतरू नये. दोन्ही गोष्टींची गल्लत झाल्यास एक निष्कारण भीती पसरते व दुसरी खरी काळजी राहून जाते.

घरात कुंडीतील झाडे ठेवल्याने, धूप जाळल्याने किंवा सुगंधी द्रव्ये शिंपडल्याने रेडॉन जात नाही. धुराने उलट हवा अधिक बिघडते. पाणी उकळून प्याल्याने खडकातील वायू घरात शिरावयाचा थांबत नाही. असे उपाय सुचविणाऱ्यांपासून गावकऱ्यांस सावध करावे.

कार्यकर्त्याने घरभेटीत तीन प्रश्न विचारावेत : विहिरीस कोणता दगड लागला? निजावयाच्या खोलीत हवा कोठून येते व कोठून जाते? घरात विडी कोण ओढतो? या तीन उत्तरांवरून कोणत्या घराकडे आधी लक्ष द्यावयाचे ते ठरविता येईल. नाइसची जमीन, बंद खोली आणि धूर ही तिन्ही ज्या घरात एकत्र आली आहेत, त्या घरापासून आरंभ करावा. खडक बदलणे कोणाच्याही हाती नाही. झरोका उघडणे, तडा बुजविणे आणि विडी विझविणे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे, व त्यास फारसा पैसाही लागत नाही.